बल्लारशाहपर्यंत केर काढायचा नाही

फोन आला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवून त्याच्यासमोर उभी होते. वहिनींचा आवाज अगदी साधा होता, आज भाजी काय केलीस असं विचारावं तसा. "सुधा, हे खुर्चीत बसलेत आणि उठत नाहीयेत गं. तू ये." मी गॅस बंद केला की नाही ते आठवत नाही. संध्याकाळी घरी आले तेव्हा बंद होता, म्हणजे केला असणार. हैदराबादेतल्या हैदराबादेत, माझ्या मलकपेठेतून त्यांच्या बरकतपुऱ्याला, असं काय लांब आहे? पण त्या सकाळी चादरघाटच्या पुलावर रिक्षा अशी अडकली की मी रिक्षावाल्याला दोनदा म्हणाले, मी उतरून चालत जाते. तो म्हणाला, "अम्मा, आराम से बैठो, हो जाता." माझ्या भावाला आयुष्यभर कुणी आराम से बसवू शकलं नाही, आणि हा मला शिकवत होता. पोचले तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. अण्णा खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत होता. फिरायला जायचे बूट घातलेले, एका बुटाची नाडी बांधायची राहिलेली... हा माणूस एका जागी इतका वेळ बसलेला मी पहिल्यांदाच पाहत होते. आणि खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही, राग आला. दुसऱ्या कुणी न सांगता उंबऱ्याबाहेर पाय टाकला तर घर डोक्यावर घेणारा तू, आणि स्वतः असा न सांगता निघालास?

अण्णा माझा थोरला भाऊ. सिकंदराबादला रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात त्याची सगळी नोकरी गेली. कानाला हेडफोन, समोर मोठा तक्ता, हातात पेन्सिल. कुठली गाडी कुठल्या स्टेशनातून सुटली, कुठं रखडली, कुणाला बाजूला काढून कुणाला पुढं सोडायचं, हे तिथं बसून ठरवायचं. गाडी प्रत्यक्ष दिसायची नाही कधी, नुसती तक्त्यावरची रेघ. त्याच्या तक्त्यावर काझीपेटच्या पुढं जंगलातून ती रेघ वर वर जात बल्लारशाहला पोचली की त्याची हद्द संपायची. पुढं दुसरी रेल्वे. मग पलीकडच्या कंट्रोलला फोन करून म्हणायचं, गाडी दिली. तिकडचा म्हणायचा, घेतली. झालं. "एकदा दिली म्हणजे दिली," अण्णा सांगायचा, "हद्दीच्या पलीकडं गाडी कुठं असेल असं मनात जरी आणलं ना सुधा, तर कंट्रोलर वेडा होतो." हे ऐकताना वहिनी माझ्याकडं बघून हळूच हसायच्या. कारण ऑफिसात काय शहाणपण करत असेल ते असो, घरी त्याच्या हद्दीला अंतच नव्हता. मी बरकतपुऱ्याहून माझ्या घरी परतले की पोचल्याचा फोन करायचा, हा नियम. वहिनी काचीगुड्याला भाजी आणायला गेल्या तरी नियम. मी बँकेत अधिकारी झाले, रिटायर झाले, माझे केस पांढरे झाले, तरी चप्पल काढायच्या आत पर्समधला फोन वाजायचा. "पोचलीस का?" मी म्हणायचे, नाही, मूसी नदीत पडले. तो म्हणायचा, "बरं, ठेव."

त्यात केराची भर कशी पडली, ते सांगायला हवं. घरातलं माणूस प्रवासाला निघालं की लगेच केर काढायचा नाही, ही आपल्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. आमची आई मानायची, पण तिचं मानणं तासाभराचं. माणूस कोपऱ्यावरून वळलं, चहा झाला, की झाडू हातात. अण्णानं त्या रीतीला रेल्वेचा नियम जोडला. पुढच्या स्टेशनात पहिली गाडी पोचल्याचं कळल्याशिवाय मागून दुसरी सोडत नाहीत म्हणे. तसं माणूस मुक्कामी पोचल्याचं कळल्याशिवाय केर नाही. मी म्हटलं, अरे, आईनं असं कधी सांगितलं होतं? म्हणाला, "आईला हेडफोन नव्हता." जवळच्या प्रवासात निभून जायचं, एका दिवसाचाच तर प्रश्न. खरी परेशानी सुरू झाली ती मुक्ता दिल्लीला गेली तेव्हा.

मुक्ता त्यांना फार उशिरा झाली. डॉक्टर, नवस, पुन्हा डॉक्टर, सगळं करून दोघं थकली आणि मग ही आली. त्यामुळं ती बारावी होईपर्यंत अण्णा रिटायरही झाला होता. हाताशी तक्ता नाही, गाड्या नाहीत, आणि घरात एकच एक पोरगी. तिला आर्किटेक्चरला जायचं होतं आणि दिल्लीच्या कॉलेजात नंबर लागला. अण्णाचं एकच पालुपद, हैदराबादेत काय कमी आहे? पंधरा-वीस दिवस घरात ही धुसफूस. तो हॉलमधून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून बाल्कनीत नुसत्या येरझारा घालायचा. शेवटी वहिनी एवढंच म्हणाल्या, "अहो, जन्मभर लोकांच्या गाड्या पुढं सोडल्यात. आपली अडवून धरायची का?" त्यावर त्यानं तिकीट काढलं. स्वतः जाऊन, खालचा बर्थ, खिडकीजवळचा.

निघायच्या दिवशी वहिनींनी तिच्या हातावर दही घातलं. सिकंदराबाद स्टेशनवर अण्णा डब्यात चढून दारं, कड्या, बाथरूमचा नळ, सगळं तपासून आला. गाडी हलली तेव्हा त्यानं हात केला नाही, घड्याळात बघितलं. घरी परत आलो तर यादम्मा झाडू घेऊन उभी. त्यांच्याकडं खूप वर्षांपासून काम करणारी, घरच्यासारखीच. अण्णा म्हणाला, "नक्को यादम्मा, जरा ठैर. बच्ची पहुँचने देव." ती बिचारी म्हणाली, पहुँचती ना, घंटेभर में? तिला वाटलं पोरगी कुठं जवळपास गेली आहे. आणि तिकडं वाटेत काझीपेटला तर काय झालं, अण्णाचा जुना दोस्त राजय्या तिथं राहतो, तोही रिटायर. तो इडलीचं पार्सल घेऊन प्लॅटफॉर्मवर हजर, आणि खिडकीखिडकीतून ओरडतोय, मुक्ताम्मा कोण आहे, मुक्ताम्मा? डब्यात तिच्याच कॉलेजला निघालेली दोन मुलं होती, त्यांच्यादेखत. तिनं मला नंतर सांगितलं, "आत्या, मला वाटलं गाडीखाली जावं." इडल्या मात्र तिघांनी मिळून खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी पोचल्याचा मेसेज आला आणि बरकतपुऱ्यात केर निघाला. हे घर झाडण्याचं प्रकरण पोरीला माहीतच नव्हतं. अण्णानं तिला कधी सांगितलं नाही, आणि बाकी कुणालाही सांगू दिलं नाही. पोरगी आधीच चिडते, आणखी कशाला, म्हणायचा.

पहिल्याच दिवाळीत दोघांचं जुंपलं. मोबाइलवर माणूस कुठं आहे ते दिसतं ना, ते सारखं चालू ठेव म्हणून हा मागं लागला, आणि तिनं त्याच्यासमोर ते बंद केलं. "पोचले की नाही ते मी सांगीन बाबा, मला वाटलं तर," असं म्हणून ती गेली. आणि तिला वाटलं नाही... वहिनींनी तिच्या मैत्रिणीकडून खात्री करून घेतली होती; पोरगी सुखरूप होती, फक्त फुगून बसली होती. पण अण्णाला ते चालेना. "गाडी पोचली हे मलाही कळतंय. पोरगी पोचली हे तिनंच सांगायला पाहिजे," एवढंच. स्वतःही फोन करेना. आणि घर तसंच. दिवाळीचं घर हो, चिवडा सांडलेला, शेव सांडलेली, करंजीचा चुरा, दारातली रांगोळी पायांनी आत आलेली. आमच्या वहिनी म्हणजे फरशीवर केस दिसला तरी जेवण न जाणाऱ्या. दोन दिवस गेले, तिसरा उजाडला, मुंग्यांच्या रांगा सोफ्यावर चढायला लागल्या. मी गेले तर यादम्मा पायऱ्यांवर बसलेली. "क्या अम्मा, ये घर है कि गोडाम? झाडू मारने देव बोलो साब को, नै तो मैं चली." आत वहिनी पदर तोंडाला लावून बसलेल्या, आणि हा पठ्ठ्या येरझारा घालतोय, पायाखाली शेव कुरकुरतेय.

मी बाहेर येऊन मुक्ताला फोन लावला. मी काही बोलायच्या आत ती सुरू झाली, "आत्या, सीरियसली, मी पार्सल आहे का? मी मोठी कधी होणार यांच्यासाठी?" मी तिला सगळं बोलू दिलं, आणि मग म्हटलं, "तू गेल्यापासून घरात केर काढलेला नाही." म्हणाली, म्हणजे? मग सांगितलं. पहिल्या वेळेपासूनचं सगळं. मग ती हसायला लागली, इतकं हसली की मला कळेना हसतेय की रडतेय. मी घरात परत गेले तर अण्णा खिडकीजवळ उभा, हातात मोबाइल, चष्मा कपाळावर. त्यानं तो माझ्यापुढं धरला. एकच शब्द होता, "झाडा." यादम्मा पुढं झाली, तर त्यानं तिच्या हातातून झाडू घेतला आणि स्वतः केर काढायला लागला. जन्मात झाडू न धरलेला माणूस, कचरा पुढं जायच्या ऐवजी मागं येत होता. वहिनी म्हणाल्या, "अहो, वाकून." पण त्यांनी झाडू काढून घेतला नाही.

तेव्हापासून पोचल्याचा निरोप म्हणजे तेवढा एक शब्द. दर सुट्टीनंतर दिल्लीला पोचली की "झाडा." पुढं पुढं जोधपूरला, चंदीगडला कॉलेजच्या मुलांबरोबर गेली की तिथूनही यायचा, आणि अण्णा सगळ्यांना दाखवायचा. भांडणं संपली असं नाही. पण तिनं कधी चुकवलं नाही, आणि यानं राजय्याला कधी काझीपेटला उभं केलं नाही. मी दोघांची चेष्टा करायचे. घर झाडायला दिल्लीहून ऑर्डर लागते, असं काय काय. हसायचा नाही, पण चिडायचाही नाही.

या जूनमध्ये ती सुट्टी संपवून निघाली. मी आदल्या दिवशीच त्यांच्याकडं राहायला गेले होते. सकाळची गाडी. हातावर दही झालं, टॅक्सी आली, आणि अण्णा स्टेशनवर गेलाच नाही. दारातच उभा राहून म्हणाला, "जा आता." मुक्तानं एकदा माझ्याकडं बघितलं, आईकडं बघितलं, आणि बॅग घेऊन गेली. हा दिवसभर येरझारा घालणार असं धरून आम्ही दोघी स्वयंपाकाला लागलो. दुपारी जेवणं आटोपली, मी जरा आडवी होणार तोच झाडूचा आवाज आला. बघते तर हा हॉलमध्ये केर काढतोय. मी म्हटलं, अण्णा, आला का मेसेज? ती तर उद्या पोचणार. तो वाकलेलाच होता. म्हणाला, "बल्लारशाह गेलं." मला काही कळेना. मग कमरेवर हात ठेवून सरळ झाला. "आपली हद्द संपली, सुधा. दिली गाडी." केर भरला, टाकला, हात धुतले, आणि येऊन पुन्हा पुन्हा तेच विचारायला लागला, बरं केलं ना गं? काही होणार नाही ना? संध्याकाळपर्यंत मी त्याला किती वेळा बरं केलंस म्हणाले असेन. झोपेपर्यंत त्याचं समाधान झालं नाही. पण झाडू त्यानं स्वतः ठेवला होता, आणि तो जागेवर होता.

दुसऱ्या दिवशी मुक्ताचा मेसेज आला, "झाडा." यानं उलट लिहिलं, "कालच झाडलं." मला वाटलं पोरगी नाचेल. तासाभरात तिचा मला फोन. "आत्या, बाबांनी वाट नाही बघितली?" आवाज लहान मुलीसारखा झाला होता. मी म्हटलं, अगं, तुलाच हवं होतं ना हे, मोठी व्हायचं होतं ना? "हो," म्हणाली, "हवं होतं..." अण्णाला मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो तेवढ्यासाठी पुन्हा वाट बघायला बसला असता.

आणि मग थोड्याच दिवसांत ती खुर्ची, आणि ती न बांधलेली नाडी. मुक्ता दुपारच्या विमानानं आली. अंबरपेटच्या स्मशानात तीही गेली, अग्नी तिनंच दिला. अण्णाला नेल्यावर वरच्या मजल्यावरच्या लक्ष्मीबाई झाडू घेऊन आल्या. नेल्यावर लगेच केर काढायचा, घर धुवायचं, हीही आपली रीतच. त्यांनी वाकून सुरुवात केली आणि वहिनी म्हणाल्या, "झाडू खाली ठेवा. अजून पोचले नाहीत." बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. कुणीतरी माझ्या कानाशी म्हणालं, असं करू नये, चांगलं नसतं. मला ठाऊक होतं चांगलं नसतं. पण मी कुणाला झाडूला हात लावू दिला नाही. सगळ्या तशाच बसून राहिलो, तुळशीची पानं, फुलांच्या पाकळ्या, तांदळाचे दाणे, सगळं जमिनीवर तसंच. माणसं परत आली. मुक्ता ओल्या केसांनी दारात उभी राहिली. वहिनींनी तिला विचारलं, "पोचले का गं?" तिला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि तिचा चेहरा... "पोचले, आई." वहिनी लक्ष्मीबाईंना म्हणाल्या, "आता झाडा."

तेरावं झालं आणि मुक्तानं जाहीर केलं, मी दिल्लीला जात नाही. हे वर्ष सोडते, इथंच कुठंतरी बघते, आई एकटी कशी राहील? मनातून मलाही वाटत होतं की राहू दे. पोर घरात असली की अण्णाचं थोडं काहीतरी राहील. मी तसं बोललेही. वहिनी ताटं पुसत होत्या. पुसायच्या थांबल्या नाहीत. "त्यांनी त्यांच्या हातानं केर काढला," म्हणाल्या. "बल्लारशाहला. तू त्या वेळी घरातच होतीस ना, सुधा? मग आता ती गाडी मी उलटी फिरवू का?" मुक्ता म्हणाली, आई, तू एकटी... "हौ, एकटी," वहिनी म्हणाल्या, "आणि रडणार. ते मी करीन माझं. तू तिकीट काढ." मला तिथं थांबवेना, मी बाल्कनीत गेले. तिथं अण्णाचे बूट वाळत ठेवलेले होते, कुणी धुतले होते कोण जाणे.

गेल्या आठवड्यात ती गेली. हातावर दही वहिनींनीच घातलं, थोडं फरशीवर सांडलं. दुपारी जेवण असं काही झालं नाही, दोन घास इकडचे तिकडं. यादम्मा येऊन बसून राहिली, तिला आता कुणी सांगावं लागत नाही. मग वहिनी उठल्या, झाडू घेतला, आणि हॉलच्या मधोमध उभ्या राहून मला विचारलं, "सुधा, बल्लारशाह गेलं असेल का गं?"

आम्हाला दोघींना माहीत नव्हतं. इतकी वर्षं ते नाव ऐकलं, पण कधी येतं, कधी जातं, हे कधी कुणी विचारलंच नाही, घरात ते ज्याला पाठ होतं तो होता ना. मी मोबाइल काढला, बघून सांगते म्हटलं. वहिनी म्हणाल्या, नको, त्यात नको बघू. खुर्चीकडं तोंड करून त्या काही वेळ उभ्या राहिल्या. काचीगुड्याकडून कुठल्यातरी गाडीची शिटी ऐकू आली. "गेलं असेल," म्हणाल्या, आणि वाकल्या. आतल्या खोलीपासून सुरुवात करून बाहेरपर्यंत सगळा केर काढला. वेताची खुर्ची उचलली, खालचं झाडलं, आणि खुर्ची पुन्हा होती तशी खिडकीकडं तोंड करून ठेवली. दुसऱ्या दिवशी मुक्ताचा "झाडा" आला. वहिनींनी चष्मा लावून, एका बोटानं, शब्द शोधत शोधत लिहिलं, "झाडलं."

मी त्याच संध्याकाळी रिक्षानं मलकपेठेला परत आले. कुलूप उघडलं, चप्पल काढली, आणि पर्स उघडून फोन हातात धरून दारातच उभी राहिले. वाजेल म्हणून... आमच्याकडं कामाला येणारी बाई सकाळी येते, झाडू घेते, आणि मी म्हणते, आज नको, उद्या. ती आता मला विचारतही नाही. पायाखाली कचकच लागते, मला ती सहन होत नाही, आणि झाडूही बघवत नाही. वहिनींना जमलं. अण्णालासुद्धा शेवटी जमलं. त्या दोघांची जन्मभर चेष्टा केली ती मी. मला माझं बल्लारशाह अजून सापडत नाही.